‘इतर’ रकान्यातलं हरीण

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात १ जानेवारी २०२२ पासून एक मजेशीर नियम लागू आहे. तिथे हरणाची शिकार करायची असेल तर परवाना काढा, बंदूक घ्या, दुर्बीण घ्या, तंबू ठोका, सरकारची हरकत नाही. फक्त हरीण कुठल्या वाटेनं किती वाजता येतं हे कळावं म्हणून झाडाला कॅमेरा बांधून ठेवायचा नाही. नंदुरबार जिल्ह्यात बरोबर उलटं आहे. इथे वनखात्याच्या परवानगीनं झाडाला कॅमेरा बांधता येतो, पण बंदूक घेऊन हरणामागे गेलात तर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तुमच्या मागे येतो. तिकडे मारायला हरकत नाही, टिपायला आहे. इकडे टिपायला हरकत नाही, मारायला आहे. दोहोंत शहाणपणाचा नियम आपला, याबद्दल वाद नसावा. वाद पुढे आहे. बघायची एवढी मुभा असूनही आपण हरणाकडे बघत नाही, आणि या न बघण्याची किंमत सातपुड्याच्या पायथ्याची गावं शेळ्या, वासरं आणि कधीकधी माणसं देऊन मोजतात, असं माझं म्हणणं आहे.

ॲरिझोनावर ही पाळी का आली तेही समजून घेण्यासारखं आहे. शिकाऱ्यांचा हा ट्रेल कॅमेरा साधारण विटेएवढा असतो. समोर ऊबदार अंगाचं काही हललं की तो आपणहून फोटो काढतो. पूर्वी शिकारी आठवड्यानं जाऊन त्यातलं कार्ड काढून आणायचे. मग सिमकार्डवाले कॅमेरे निघाले आणि हरणानं पाण्याला तोंड लावलं की इकडे सोफ्यावर बसलेल्या गृहस्थाचा मोबाइल टिंग वाजू लागला. शिंगांच्या ठेवणीवरून एकेका नराला नावं ठेवली जाऊ लागली; मराठीतल्या अर्थानं नव्हे, खरोखरची. ॲरिझोना हा कोरडा मुलूख, पाणवठे मोजके. त्यामुळे एकेका पाणवठ्याभोवती इतके कॅमेरे जमले की घोटभर पाणी पिणं म्हणजे हरणाला पत्रकार परिषदच झाली. शेवटी, शिकार ही निदान शिकारीसारखी तरी व्हावी, म्हणून तिथल्या वन्यजीव आयोगानं कॅमेरे उतरवायला लावले. यातली खोच अशी की हरणाची उठण्या-बसण्याची वेळ जगात कुणी सगळ्यात आस्थेनं लिहून ठेवली असेल तर ती त्याला मारायला निघालेल्या माणसानं. आपल्या भाषेतही शिकारीला ‘मृगया’ म्हणतात. त्या शब्दाच्या पोटातच मृग आहे. आकाशात पाहावं तर तिथेही मृग नक्षत्राच्या पाठीशी व्याधाचा तारा डोळे वटारून उभा. हरणावर कायमची नजर ठेवणारा इसम पृथ्वीवर काय आणि आकाशात काय, शिकारीच. आपण शिकार बंद केली हे उत्तम झालं, पण बंदूक खाली ठेवताना ती नजरही खाली ठेवली.

खरं तर जंगलात कॅमेरा शिरला तोच हरणाच्या मागावर. जॉर्ज शिरास हा अमेरिकेचा एका काळचा खासदार आणि हाडाचा शिकारी. रात्री नावेच्या टोकाला जाळ पेटवून काठावरच्या हरणाला दिपवायचं, ही तिथल्या आदिवासींची जुनी पद्धत त्यानं उचलली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदुकीऐवजी कॅमेरा रोखला. पुढे वाटेवर तार ताणून प्राण्याच्या पायानंच कॅमेऱ्याचा खटका ओढवून घेण्याची युक्तीही त्यानं वापरली. ‘नॅशनल जिऑग्राफिक’नं जुलै १९०६च्या अंकात त्याचे ७४ फोटो छापले, तेव्हा मासिकाचं चित्रांचं पुस्तक करून टाकलं म्हणून संचालक मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले. त्याचे गाजलेले फोटो आहेत ते पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे. हीच तारेची युक्ती १९२०च्या दशकात संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी आपल्याकडे वापरली. तारेवर पाय पडला वाघाचा, १९२७ साली त्यांचं पुस्तक निघालं, आणि तेव्हापासून भारतातलं भिंग जे पट्ट्यांना चिकटलं ते चिकटलंच. यात चॅम्पियनसाहेबांचा दोष नाही. लग्नात नवरी सोडून स्वैपाकघराचे फोटो कोण काढतं? पण वऱ्हाड उपाशी राहिलं की सगळ्यांना पहिली आठवण स्वैपाकघराचीच होते. वाघाच्या आणि बिबट्याच्या मांडवात तर हरीण हे आचारीही आहे आणि जेवणही.

हे चिकटलेलं भिंग किती मोठं आहे ते आकड्यांत पाहावं. २०१८च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि त्यांतून ३,४८,५८,६२३ फोटो निघाले. जगातलं सगळ्यात मोठं कॅमेरा सर्वेक्षण म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद झाली. या साडेतीन कोटींच्या घरातल्या फोटोंत वाघाचे होते ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. उरलेले? उरलेले ‘इतर प्राणी’. हिशेब घातला तर हजार फोटोंमागे वाघ दोन, बिबटे दीड आणि राहिलेले नऊशे शहाण्णव ‘इतर’. आपल्या गावच्या यात्रेला हजार माणसं आली आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘यात्रेला पालकमंत्री, आमदार व इतर उपस्थित होते’ असं छापून आलं, तर त्या ‘इतर’मध्ये आपण कुठे आहोत हे जसं शोधावं लागतं, तशी त्या गणनेत हरणाची गत आहे. शास्त्रज्ञ मंडळी या इतरांचीही जातवार छाननी करतात, अहवालात त्यांची प्रकरणं असतात, हे खरंच आहे. पण मोठ्या मथळ्यापर्यंत पोचतो तो वाघाचा आकडा. हरणाचा आकडा परिशिष्टातच चरत राहतो.

मोजण्याच्या रीतीतही हा पंक्तिप्रपंच दिसतो. वाघाचे पट्टे म्हणजे त्याच्या बोटांचे ठसे. डाव्या कुशीचे पट्टे वेगळे, उजव्या कुशीचे वेगळे, म्हणून त्याच्या वाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. दोन्ही अंगांनी फोटो निघतो, संगणकात जुळवणी होते, एकेका वाघाला क्रमांक पडतो. हरणांची मोजदाद होते ती मुख्यतः दोन किलोमीटरच्या एका ठरलेल्या रेषेवरून पहाटे चालत जाऊन, दिसतील तेवढी मोजून. शिवाय त्याच रेषेवर ठरावीक जागेत किती लेंड्या पडल्या आहेत त्याची नोंद होते. शास्त्र म्हणून ही पद्धत चोख आहे, पण मानमरातबाचा फरक डोळ्यांत भरतो: एकाचे दोन्ही बाजूंनी फोटो आणि दुसऱ्याच्या लेंड्या. हे नंदुरबारकरांनी तरी मुकाट ऐकून घेऊ नये. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. ज्याची कुठे नोंद नाही त्याला नोंदीत आणायचं, हे काम देशात पहिल्यांदा जिथून सुरू झालं तो हा मुलूख. चितळाच्या अंगावरचे ठिपकेही एकाचे दुसऱ्यासारखे नसतात. म्हणजे बायोमेट्रिकची सोय निसर्गानं आधीच करून ठेवली आहे. फॉर्म भरून घ्यायला तेवढं कोणी येत नाही.

आता हे सगळं नंदुरबारालाच का सांगायचं? कारण या जिल्ह्यात बिबट्याची बातमी नाही असा आठवडा क्वचित जातो. तळोदा, शहादा, अक्कलकुवा या पट्ट्यात ऊस आणि केळी आहेत, वर सातपुड्याचा डोंगर आहे आणि दोहोंच्या मध्ये बिबट्या आहे. गावात त्याला वाघच म्हणतात, कारण अंगणातून शेळी नेणाऱ्या प्राण्याच्या अंगावर ठिपके होते की पट्टे हे बघायला कोणी थांबत नाही. बातमीचा साचाही पक्का झालेला आहे: शिवारात बिबट्याचा मुक्त संचार, ग्रामस्थांमध्ये भीतीचं वातावरण, वनविभागाने पिंजरा लावण्याची मागणी. मग पिंजरा येतो, त्यात शेळी बांधली जाते, झाडाला कॅमेरा लागतो, पंचनामा होतो आणि नुकसानभरपाईचा कागद तालुक्याच्या दिशेनं मार्गस्थ होतो. या साऱ्या धावपळीत कॅमेरा सदैव बिबट्यासाठी. ‘शिवारात भेकराचा मुक्त संचार, ग्रामस्थांमध्ये समाधानाचं वातावरण, वनविभागाने भेकराला त्रास न देण्याची मागणी’ अशी बातमी मराठी वर्तमानपत्रात अजून यायची आहे. खरं म्हणजे बिबट्याबद्दलच्या बातमीत ही दुसरी बातमी दडलेली असते. बिबट्या खाली दिसला याचा अर्थ काय, हे तो खाली दिसला यापेक्षा महत्त्वाचं आहे. वर त्याच्या ताटात काय वाढलेलं आहे, हे कोणी पाहिलंय का?

खाली काय वाढलेलं आहे ते मात्र चांगलं मोजून झालेलं आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, अकोले तालुक्याच्या ऊसपट्ट्यात, विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. विष्ठेतल्या केसांवरून त्यांनी काढलेला हिशेब असा की वजनाच्या मापानं बिबट्याच्या आहारातला ८७ टक्के भाग पाळीव जनावरांचा. त्यात एकटी कुत्री ३९ टक्के, आणि कुत्र्यांच्या कितीतरी पट असलेल्या शेळ्या फक्त ११ टक्के, कारण शेळीला रात्री गोठ्यात दार असतं, कुत्र्याला गाव मोकळं असतं. भेकर हे हरीण घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकतं. तेव्हा सारांश असा: भुंकणारं हरीण मिळेना म्हणून बिबट्या भुंकणाऱ्या कुत्र्यावर समाधान मानतो. आणि त्याला पकडून दूर नेऊन सोडलं की प्रश्न मिटतो म्हणावं, तर जुन्नरचा दाखला आडवा येतो. तिथे २००१ ते २००३ या काळात बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोठी मोहीम झाली. त्यानंतर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेल्याचं संशोधकांनी नोंदवून ठेवलं आहे. भाडेकरू बदलल्यानं घराची गळती थांबत नाही, आणि नवा भाडेकरू जुन्यापेक्षा भांडकुदळ निघू शकतो.

इथे एक रास्त आक्षेप येतो आणि तो टाळण्यात अर्थ नाही. रानात हरणं असती तर बिबट्या डोंगरावर राहिला असता, हे कशावरून? उसात जन्मलेला, उसात वाढलेला बिबट्या उसालाच माहेर समजतो. वर चितळांचं संमेलन भरवलं तरी तो पाण्याची, सावलीची आणि कुत्र्यांची सोय सोडून चढण चढायला कशाला जाईल? हे म्हणणं बरोबर आहे, आणि हरणं वाढली की दुसऱ्या दिवशी बिबटे रांगेनं डोंगर चढतील असा दावा इथे नाही. पण उसातल्या बिबट्याला परत पाठवणं आणि डोंगरातल्या बिबट्याला खाली येऊ न देणं, ही दोन वेगळी कामं आहेत. नंदुरबारची गोष्ट अकोले तालुक्यापेक्षा वेगळी आहे ती याच बाबतीत. इथे शेताला लागून सातपुड्याचं खरंखुरं जंगल आहे, तोरणमाळला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे, पलीकडे गुजरातेत शूलपाणेश्वर अभयारण्य आहे. इथला पुढचा बिबट्या अजून डोंगरात जन्मू शकतो. त्याच्या आईला तिथे दोन घास मिळतात की नाही, हा प्रश्न पिंजऱ्यानं सुटत नाही आणि बिबट्याचे फोटो काढूनही सुटत नाही. तो हरणाचे फोटो काढूनच कळतो. आज गावात शिरलेल्या बिबट्यासाठी आजचा पिंजरा लागणारच. फक्त पाहुणा दारात उभा राहिल्यावर चहाचा डबा उघडून बघणाऱ्या घरासारखं आपलं नियोजन नसावं, एवढंच.

दुसरा आक्षेप याहून ठसक्यात घेतला जातो: अहो, इथे हरणं राहिलीतच कुठे? १८८०च्या खानदेश गॅझेटियरात सांबर, चितळ, काळवीट, चिंकारा यांची वर्णनं आहेत खरी, पण ती साहेबांच्या काळातली. मधल्या काळात शिकारी झाल्या, कूप तुटले, शेती चढली, आणि आता नसलेल्या हरणासाठी कॅमेरे लावणं म्हणजे मृगजळावर पाणपट्टी बसवणं. या आक्षेपाला उत्तर द्यायला शहाद्याजवळच एक घुबड बसलेलं आहे. रानपिंगळा हा पक्षी शास्त्राला १८७३ साली कळला, खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे नमुने १८८४पर्यंत गोळा केले, आणि त्यानंतर तो जो गेला तो ११३ वर्षं गेला. मधल्या काळात मायनर्ट्झहागेन नावाच्या एका कर्नलनं संग्रहालयातला जुना नमुना उचलून त्यावर १९१४ सालची आणि गुजरातमधल्या मांडवीची खोटी चिठ्ठी डकवली. त्यामुळे शोधणारे भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. ही लबाडी उकलल्यावर पामेला रासमुसेन आणि त्यांचे साथीदार खऱ्या जुन्या नोंदींच्या मागानं शहाद्याला आले आणि नोव्हेंबर १९९७मध्ये रानपिंगळा दिवसाढवळ्या फांदीवर बसलेला सापडला. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. म्हणजे जिल्ह्यापेक्षा जिल्ह्यातलं घुबड सात महिने आधी जाहीर झालं. ज्या तालुक्यानं नाहीसा झालेला पक्षी परत दाखवला, तिथे न शोधता ‘नाही’ म्हणणं शोभत नाही. शिवाय योग्य पाणवठ्यावर योग्य कॅमेरा महिनाभर लावूनही हरीण आलं नाही, तर तोही निकालच आहे. ‘हरीण आढळले नाही’ हे वाक्य अंदाजानं लिहिलं तर अफवा असते, मोजून लिहिलं तर नोंद असते.

योग्य पाणवठा आणि योग्य कॅमेरा हे शब्द मात्र सोपे नाहीत. वाघ-बिबटे हे माणसासारखेच चांगल्या रस्त्याचे शौकीन; गाडीवाट दिसली की तिच्यावरूनच चालतात, म्हणून त्यांचे कॅमेरे रस्त्याकडेला लावून भागतं. हरणाला राजरस्त्याचा असा सोस नाही. बिबट्यासाठी लावलेल्या कॅमेऱ्यात हरीण आलं नाही म्हणून ते नाहीच म्हणणं म्हणजे एसटी स्टँडवर बसून ‘गावात बैलगाडी नाही’ असा निष्कर्ष काढणं. त्यात या यंत्राचे स्वतःचे रुसवेफुगवे. समोरच्या जागेपेक्षा ऊबदार अंगाचं काही सरकलं की ते जागं होतं. पण नंदुरबारच्या मे महिन्यात दगडही भेकराएवढाच तापलेला असतो, तेव्हा दुपारी त्याला दोहोंतला फरक कळेनासा होतो. समोर गवताचं एखादं पातं राहिलं तर उन्हातल्या वाऱ्यावर ते डुलतं आणि हजारभर फोटो गवताचे निघतात. जे निघतात त्यांत गुरं, शेळ्या आणि गुडघ्यापासून कमरेपर्यंतची माणसं यांचीच गर्दी. म्हणून ‘यंत्र कशाला, गावकऱ्यांनाच विचारा’ असं जे म्हणतात त्यांचं अर्धं म्हणणं इथेच मान्य करून टाकावं. धडगावच्या किंवा मोलगीच्या डोंगरात गुरं चारणाऱ्या पोराला भेकर कुठल्या झऱ्यावर उतरतं ते ठाऊक असतं. कॅमेऱ्याला त्यातलं काही ठाऊक नसतं; तो नुसता कारकून आहे. पण आपल्या राज्यात तज्ज्ञाच्या तोंडी शब्दापेक्षा कारकुनाच्या कागदाला मान जास्त, हे कोणी नाकारणार आहे का? गुराख्यानं जागा दाखवावी आणि कॅमेऱ्यानं त्यावर सही करावी, अशी ही वाटणी आहे.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जंगलात कॅमेरा लावला की तो हरणाआधी माणसाला टिपतो, आणि सातपुड्याच्या जंगलात माणूस म्हणजे बहुतेक वेळा मोहाची फुलं वेचायला, तेंदूची पानं तोडायला, गवत कापायला निघालेली बाई. उत्तराखंडात कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात असे कॅमेरे आणि ड्रोन स्थानिक बायांना कसे जाचक ठरले, त्यांचे खासगी फोटो कसे बाहेर फिरले, हे २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आलं आहे. जंगल हेच ज्यांचं अंगण आणि आडोसा, त्यांच्या आडोशावर यंत्र रोखून हरणाची काळजी वाहणं ही रानटीपणाची नवी तऱ्हा झाली. यावर उत्तर एकच आहे: कॅमेरा कुणाचा, हे आधी ठरवा. २००६च्या वनहक्क कायद्यानं जंगलावरचे सामूहिक हक्क ग्रामसभेला दिले, शिकारीचा हक्क तेवढा वगळला, आणि त्याच कायद्यानं वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकारही ग्रामसभेला दिला. मग कॅमेरा कुठे बांधायचा, कुठे अजिबात बांधायचा नाही, कार्ड कोण काढणार आणि माणसाचा फोटो निघाला तर तो तिथल्या तिथे कसा पुसायचा, हे पाड्यावरच्या बैठकीत ठरावं. यानं आणखी एक घरगुती प्रश्न सुटतो. जंगलात सरकारी कॅमेरा असला की तो चोरीला जातो. गावाचा कॅमेरा असला की त्याच्याकडे बघायला गाव असतं.

एक शंका ॲरिझोनाकडून परत येते. हरीण अमुक पाणवठ्यावर अमुक वाजता येतं, ही माहिती तयार झाली की ती चोरट्या शिकाऱ्याच्या सोयीची नाही का? आहेच. म्हणून आकडा चावडीवर लावावा आणि ठिकाण पोटात ठेवावं. उलट वागायची आपल्याला फार हौस असते. भेकराचा फोटो निघाला की तो आधी व्हॉट्सॲपवर, मग स्टेटसला, मग ‘आपला सातपुडा’ असल्या नावाच्या तीन-चार ग्रुपवर, खाली झऱ्याचं नाव आणि जायचा रस्ता. सोन्याच्या हरणाची गोष्ट आपल्याकडे घडली ती पंचवटीत, इथून फार दूर नाही. त्या वेळी तिथे कॅमेरा असता तर रामायण टळलं असतं असं वाटायचं कारण नाही. रात्रीचा इन्फ्रारेड फोटो काळापांढरा असतो. त्यात सोनं आणि शेण सारखंच करडं दिसतं. फोटोत हरीण दिसलं म्हणून धनुष्य उचलून धावत सुटू नये, हा धडा त्या कथेत होताच. कॅमेऱ्यानं तो बदललेला नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहारी माणसांचा: मोजल्यानं हरणं वाढतात का? नाही वाढत. डेअरीत फॅट मोजल्यानं म्हैसही जास्त दूध देऊ लागत नाही. पण फॅट मोजायचं बंद केलं तर आठ दिवसांत कॅनमध्ये काय येऊ लागतं, हे गवळ्यालाही माहीत असतं आणि चेअरमनलाही. आज हरणाच्या बाबतीत आपण बिनफॅटचं दूध घेतो आहोत. लागवड झाली म्हणून जंगल वाढलं, बंधारा झाला म्हणून पाणी वाढलं, वणवा आटोक्यात आला म्हणून गवत वाढलं, असे अहवाल येतात. पण त्या गवताला तोंड लावायला कोणी आलं का, हे कुणी विचारत नाही. वणवा थांबल्यावर तिसऱ्या वर्षी त्या उतारावर भेकराचे फोटो वाढले तर पैसा कारणी लागला. नाही वाढले तर गवत आहे, पाणी आहे, मग अडलं कुठे, हा प्रश्न तरी उभा राहील. फासे लागताहेत का, कुत्र्यांच्या टोळ्या पाडसं मारताहेत का, गुरांमुळे पाणवठा मोकळा होतच नाही का? उत्तरं वेगवेगळी निघतील, पण प्रश्न विचारायला आधी आकडा लागतो. बिबट्याच्या फोटोतून हे काही कळत नाही. त्यातून एवढंच कळतं की बिबट्या आहे, आणि ते गावाला आदल्या रात्रीच कळलेलं असतं.

म्हणून मागणी साधी आहे. वैशाख पौर्णिमेच्या रात्री आपल्याकडे पाणवठ्यांवर मचाण बांधून प्राणी मोजायची जुनी रीत आहे. मचाणावर बसणारा प्रत्येक जण रात्रभर बिबट्याची वाट बघतो आणि सकाळी ‘काही दिसलं नाही’ म्हणत उतरतो. दोन भेकरं आणि एक चौशिंगा येऊन पाणी पिऊन गेलेली असतात, ती त्या ‘काही नाही’मध्ये जमा होतात. पुढच्या पौर्णिमेला तळोद्याच्या मेवासी वनविभागानं आणि शहाद्याच्या वनाधिकाऱ्यांनी, डोंगरातल्या ग्रामसभांना बरोबर घेऊन, नोंदवहीचे रकाने उलटे आखावेत. पहिला रकाना भेकराचा, दुसरा चौशिंग्याचा, तिसरा सांबराचा, चौथा चितळाचा. बिबट्याला शेवटच्या रकान्यात, ‘इतर’मध्ये टाकावं. तो रागावणार नाही. त्याला त्याचं नाव कागदावर पहिलं नको आहे, त्याला पहिल्या चार रकान्यांत काहीतरी लिहिलेलं हवं आहे.